वर्गाचा ग्रुप कसा चालवावा: भूगोलाच्या मॅडमचं टिपण

साताऱ्याच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीचा जूनमध्ये फोन आला. "अगं, अध्यापनात सोशल मीडियाचा वापर दाखवा, असं फर्मान निघालंय. स्क्रीनशॉट फाइलला लावायचेत. म्हणून व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. आठ दिवसांत गुड मॉर्निंगचा ढीग, चार लग्नपत्रिका आणि एक हरवलेली म्हैस. अभ्यासाचं एक अक्षर नाही. तू कसं करतेस?"

पाऊण तास बोललो. तेच इथे नीट लिहून काढते, कारण आता आमच्याकडच्या नवीन सी.एच.बी.च्या, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, मुलीही हेच विचारायला लागल्यात.

मी सांगलीत पदवीच्या वर्गांना भूगोल शिकवते. माझ्या वर्गात जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची दुष्काळी भागातली पोरं असतात आणि वाळवा, पलूस, मिरजेकडची नदीकाठचीही. एकाच बाकावर टँकरची वाट बघितलेला मुलगा आणि शेजारी पुरात घर सोडून नातेवाइकांकडे राहिलेली मुलगी. अशा वर्गाला मी 'पर्जन्याचे वितरण' पुस्तकातून शिकवायचे, आणि पोरं शांतपणे लिहून घ्यायची. हे किती वेडगळ आहे ते मला ग्रुपमुळे कळलं.

म्हणून पहिलीच सूचना. ग्रुपवर शिकवायला जाऊ नका. नोट्सचे फोटो टाकून कुणी शिकत नाही, गॅलरी तेवढी भरते. गाडी उलट्या दिशेने चालवा. मुलांच्या गावातला, घरातला माल ग्रुपवर येऊ दे आणि तो वर्गात फळ्यावर घ्या. शिकवणं तिथे होतं. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढची निम्मी डोकेदुखी आपोआप कमी होते.

आधी नंबरांचं बघा

हे मी सगळ्यात आधी लिहिते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे.

काही वर्षांपूर्वी घाईत एफ.वाय.चा, म्हणजे पहिल्या वर्षाचा, ग्रुप काढला. लिंक तयार केली, तिचा कागद विभागाबाहेरच्या बोर्डावर चिकटवला आणि स्वतःच्या स्टेटसलाही ठेवली. पोरं भराभर आली. कोण आलं, कोण नाही, मी मोजलंही नाही. दिवाळीनंतर वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली. मला वाटलं लग्न ठरलं असेल. आमच्याकडे पहिला संशय तोच. तिच्या मैत्रिणीने मग सांगितलं की कुणीतरी तिला रात्री-अपरात्री मेसेज करतोय. नंबर वर्गाच्या ग्रुपवरूनच उचललेला. तो माणूस कॉलेजचा नव्हताच, लिंकवरून आत येऊन बसला होता. तक्रार झाली, नंबर बंद झाला, मुलगी परत आली. पण तिच्या वडिलांनी मला ऑफिसात विचारलं, "मॅडम, नंबर तुमच्याकडं दिला होता न्हवं?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. लिंक कुठेही चिकटवत नाही. पहिल्या आठवड्यात हजेरीच्या वेळी एकेकाला विचारून नंबर घेते आणि स्वतः जोडते. ग्रुपच्या सेटिंगमध्ये नवीन सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल असं करून ठेवते. लिंक द्यावीच लागली, तर सगळे आले की 'रीसेट' करून टाकते, म्हणजे जुनी लिंक मेली. महिन्यातून एकदा हजेरीपट घेऊन सदस्य मोजते. ५८ पटावर आणि ५९ ग्रुपवर असतील तर एकोणसाठावा कोण, हे विचारल्याशिवाय पुढचा मेसेज टाकत नाही.

ज्या मुलींना नंबर वर्गाला दिसायला नको असेल, त्यांना कारण विचारू नका. त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट ठेवा: आपण एकदा पाठवायचं, प्रत्येकीला स्वतंत्र मेसेज जातो, त्या एकमेकींना दिसत नाहीत. अट एवढीच की त्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असायला हवा, नाहीतर मेसेज पोचतच नाही. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आपल्याला भरपूर झाले. नुसत्या सूचनाच द्यायच्या असतील तर व्हॉट्सॲप चॅनेल काढा, तिथे फॉलो करणारे एकमेकांचे नंबर बघू शकत नाहीत. टेलिग्रामवर नंबर 'कुणालाच दिसू नये' असं ठेवता येतं, पण ते प्रत्येकाला स्वतःच्या फोनमध्ये करावं लागतं. एका तासाला सगळ्यांना फोन बाहेर काढायला लावून मी ते करून घेते.

इंटर्नलच्या गुणांची यादी ग्रुपवर टाकू नका. कुणाची फी राहिली, कुणाचा जातीचा दाखला आला नाही, हेही नाही. ऑफिसमधून आलेली पीडीएफ तशीच पुढे ढकलायची सवय आपल्याला असते. आधी उघडून बघा, आत काय काय आहे ते.

एक पान नियम, झेरॉक्स करून

नियम ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहून उपयोग नाही, ते कुणी उघडत नाही. मी एक पान झेरॉक्स करून देते आणि जर्नलच्या पहिल्या पानाला चिकटवायला लावते. त्यावर काय असतं?

ग्रुप सकाळी ८ ते रात्री ९. नऊ वाजले की 'फक्त ॲडमिन पाठवू शकतील' हे बटण मी दाबते. मॅडम उत्तर देतील संध्याकाळी ७ ते ८ मध्ये, जतची एस.टी. तोवर घरी पोचलेली असते आणि माझा कुकरही लागलेला असतो. वाढदिवस, जयंती, पुण्यतिथी, निवडणूक, गुड मॉर्निंग नाही. फॉरवर्ड आला तर पाठवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून त्याची छाननी करायची. (हा नियम शिक्षेसारखा वाटतो, पण पुढे बघा.) दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय नाही. तास चालू असताना रेकॉर्डिंग नाही.

मुलांचा आपल्याशिवायचा एक ग्रुप असतोच. असू द्या. त्यात शिरायचा हट्ट करू नका. वाढदिवसांचा पूर तिकडे वळतो, आणि त्यांना मॅडमची नक्कल करायला एक जागा हवीच.

ब्लू टिक बघून मुलांना पकडू नका. 'वाचलंस ना, मग उत्तर का नाही?' असं मी एकदा विचारलं. पोरगा म्हणाला, "मॅडम, धाकट्या भावानं वाचलं."

यावरून आठवलं. माझ्या वर्गातल्या एकाने भावाचा नंबर दिला होता. भाऊ द्राक्षांच्या गाडीवर ड्रायव्हर. त्यामुळे माझा गृहपाठ या मुलापर्यंत पोचण्याआधी वाशी मार्केटला जाऊन यायचा. दरवर्षी असे तीन-चार निघतात: घरात एकच फोन, किंवा रिचार्ज संपलेला, किंवा गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. म्हणून जे ग्रुपवर जाईल ते दुसऱ्या दिवशी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने लिहिलेलं असतं. आणि फक्त ग्रुपवर हजर राहिल्याचे गुण मी कधीच देत नाही. ज्याच्याकडे फोन नाही त्याने वहीत लिहून आणावं, त्याच्या नोंदीचा फोटो मी काढून ग्रुपवर टाकते. त्याचं नाव खाली लिहून.

कोयनेचे दरवाजे

आता मुख्य भाग. जुलैची संध्याकाळ, पाऊस लागलेला. ग्रुपवर हा मेसेज येऊन पडला, अर्ध्या तासात पाच जणांनी टाकला:

"ब्रेकिंग! कोयनेचे सहाही दरवाजे उघडले. १ लाख क्युसेकने विसर्ग. रात्रीत धरण रिकामे होणार. चांदोलीचे पाणीही आयर्विन पुलाखालून जाणार. सांगलीकर सावध राहा. जास्तीत जास्त शेअर करा."

आयर्विन हा सांगलीतला कृष्णेवरचा पूल आणि चांदोली हे धरण. मला आधी तो मेसेज डिलीट करायचा मोह झाला. मग वाटलं, मी पन्नास मिनिटं ओरडून जे शिकवू शकत नाही ते सगळं या पाच ओळींत आहे. ग्रुपवर एवढंच लिहिलं: 'उद्या ११ च्या तासाला हा मेसेज तपासायचा. तोवर पुढे पाठवू नका.'

दुसऱ्या दिवशी मेसेज शब्दाला शब्द फळ्यावर लिहिला. टाकणाऱ्या पाच जणांना पुढे बोलावलं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, कोण म्हणतंय? नाव नाही, खातं नाही. मेसेजच्या वर दोन बाण होते. दोन बाण म्हणजे तो किमान पाच टप्पे फिरून आलाय, हे निम्म्या वर्गाला माहीत नव्हतं. असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं. दुसरा प्रश्न, तारीख? नाही. म्हणजे हा २०१९ चा असू शकतो, मागच्या वर्षीचाही.

तिसरा प्रश्न मी विचारला: क्युसेक म्हणजे काय? शांतता. दोन वर्षं पेपरात वाचतायत, टीव्हीवर ऐकतायत. मी सांगितलं, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर. तरी चेहरे कोरेच. मग जतच्या मुलाला विचारलं, तुमच्याकडे टँकर केवढा येतो? "दहा हजाराचा, मॅडम." कर मग हिशोब. १ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख ३० हजार लिटर. त्याने फळ्यावर भागाकार केला आणि खडू हातात धरून तसाच उभा राहिला. सेकंदाला २८३ टँकर. "एका सेकंदाला?" असं त्याने तीनदा विचारलं. त्यांच्या वाडीला आठवड्यात दोन येतात.

पुढचा प्रश्न, 'रात्रीत धरण रिकामे' हे खरं असू शकतं का? कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. १ लाख क्युसेकने दिवसभर सोडलं तर ८.६४ टीएमसी जातं. भरलेलं धरण त्या वेगाने रिकामं व्हायला बारा दिवसांच्या वर लागतील. "आणि वरून पाऊस पडतोय की," मागून कुणीतरी म्हणालं. बरोबर. एवढं गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं, पण ते करून बघावं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

खरी मजा त्यापुढच्या वाक्यावर आली. चांदोलीचं पाणी आयर्विनखालून जाणार. मी नकाशा लावला आणि गप्प बसले. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, तिचं पाणी आयर्विनखालून जातंच. धोम, कण्हेर, उरमोडीचंही तिकडूनच येतं. पण चांदोलीचं पाणी येतं वारणेतून आणि वारणा कृष्णेला मिळते हरिपूरला. म्हणजे आयर्विनच्या खाली, पूल ओलांडून गेल्यावर. मेसेज चुकला! वर्गात टाळ्या. तेवढ्यात हरिपूरकडची एक मुलगी उठली. "पण मॅडम, वारणा फुगली की आमच्याकडं कृष्णा पुढं सरकत नाही. पाणी मागं तुंबतं. मग आयर्विनला पातळी वाढतेच की." फुगवटा हा शब्द तिने वापरला नाही, पण तिने फुगवटाच सांगितला. त्या दिवशी मला तो धडा वेगळा घ्यावा लागला नाही.

आणि एक काळजी घ्या. या तासानंतर पोरं 'सगळंच खोटं असतं' असं म्हणायला लागतात, ते त्याहून घातक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी ४० ची, धोका ४५ चा. '२००५ ला इथवरच आलं होतं, त्याच्या वर येत नाही' म्हणत किती घरं थांबली होती, हे माझ्या वर्गातल्या पोरांनीच मला सांगितलंय. म्हणून छाननीचा शेवट 'खरं की खोटं' यावर करू नका. खरा आकडा कुठे मिळतो, तिथवर मुलांना नेऊन पोचवा. जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धरणांची आणि पुलांची पातळी रोज देतात. आम्ही आता पावसाळाभर एकाची पाळी लावतो: सकाळी अधिकृत आकडा, तारीख-वेळेसह ग्रुपवर. बाकी कुणी पुराचं काही टाकायचं नाही.

तुमचा विषय भूगोल नसेल तर? अर्थशास्त्राला 'बँका बुडणार'चे फॉरवर्ड आहेत, रसायनशास्त्राला दुधातली भेसळ ओळखायचे, इतिहासाला तर रोज सकाळी नवा शिलालेख सापडतो. तुमच्या विषयाचं गणित किंवा नकाशा काय आहे ते बघा. नुसतं 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असं सांगण्यात तास घालवू नका.

विहिरी मोजायचा उपक्रम

दुसरा प्रयोग वर्षभर चालतो आणि तो मला जास्त आवडतो.

प्रत्येकाने आपल्या गावातली एक विहीर धरायची. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला कठड्यापासून पाण्यापर्यंत किती फूट, ते मोजायचं. सुतळीला दगड बांधायचा, फुटाफुटावर गाठ मारायची, दगड पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या. एकटं जायचं नाही, कठडा नसलेली विहीर घ्यायची नाही, हे दहा वेळा सांगा. मग ग्रुपवर एकाच ओळीत नोंद:

गाव / तारीख / फूट / आसपास काय पीक

एकाच ओळीत का? कारण पहिल्या वर्षी मी 'माहिती पाठवा' एवढंच म्हटलं, तर कुणी कविता केली, कुणी विहिरीसमोर सेल्फी पाठवला, एकाने मीटर, एकाने हात, एकाने 'भरपूर' असं माप दिलं. नमुना मेसेज आपण आधी टाकायचा आणि पिन करून ठेवायचा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते, म्हणून मी १ तारखेलाच नवीन करते.

फोटो मागणार असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो लहान करतं आणि आतली जागेची माहितीही काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फोटो जसाच्या तसा येतो, कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशासह. भूगोलाला हे सोनं आहे. (कॉलेजची तपासणी करणाऱ्या नॅकला लागणाऱ्या जिओटॅग फोटोंनी आपण सगळे यात तयार झालोच आहोत.) पण हीच गोष्ट उलटी पण लक्षात ठेवा: घरी काढलेला फोटो असा पाठवला तर घराचा पत्ताही गेला. विहिरीचा पाठवा, अंगणातला नको. हा फरक वर्गात एकदा फोन हातात घेऊन दाखवा.

तक्ता वर्गाच्या भिंतीवर. कार्डशीट, मार्कर. एक्सेलमध्येही असतो, पण भिंतीवरच्या तक्त्यासमोर पोरं ऑफ तासाला उभी राहतात. दिवाळीपर्यंत सगळ्या विहिरींच्या रेषा एकमेकींजवळ. मग जतकडच्या खाली खाली जायला लागतात, वाळव्याच्या जाग्यावर.

एका वर्षी मार्चमध्ये कवठेमहांकाळकडची एक विहीर अचानक वर आली. बारा-तेरा फुटांनी. वर्गाचं एकमत, पोरीने चुकीचं मोजलं. ती रडवेली. मी ग्रुपवर एवढंच विचारलं, परत मोजशील का? तिने दुसऱ्या दिवशी वडिलांना बरोबर नेऊन मोजलं, सुतळीचा व्हिडिओ टाकला. आकडा तोच. मग तिच्या वडिलांची व्हॉइस नोट आली, तिच्याच फोनवरून: "मॅडम, म्हैसाळचं आवर्तन सुटलंय. कॅनॉलचं पाणी तलावात आलं की आठवड्यात आमच्या हिरीला लागतं." म्हैसाळला कृष्णेचं पाणी उचलून पूर्वेकडे नेणारी योजना आम्ही पुस्तकात 'उपसा सिंचन' या मथळ्याखाली चार ओळींत शिकवतो. ती व्हॉइस नोट मी ब्लूटूथच्या स्पीकरवर वर्गात दोनदा लावली. पाझर, भूजल पुनर्भरण, सगळं तिथून सुरू केलं.

व्हॉइस नोट ही फार उपयोगी चीज आहे. टायपायचा कंटाळा असतो, शुद्धलेखनाची भीती असते. बोलायला लावलं की पोरं घरच्या बोलीत बोलतात, आणि त्यात शब्द बरोबर असतात. मर्यादा दोन मिनिटांची घाला. कुणी सहा मिनिटांची पाठवली तर ऐकू नका, 'परत' एवढंच लिहा.

या उपक्रमाचा आणखी एक फायदा, नक्कल थांबते. पूर्वी मी ग्रुपवर 'अपक्षय म्हणजे काय?' असा प्रश्न द्यायचे. एकाच्या कीबोर्डने शब्द बदलला आणि १९ उत्तरं आली: 'तापमानातील बदलामुळे खडकांचे अपक्ष होते.' एकोणीस खडक अपक्ष उभे! आता असले प्रश्न देतच नाही. एआयला विचारूनही सुटणार नाही असा प्रश्न हवा, आणि तुमच्या गावच्या विहिरीला आज किती पाणी आहे हे एआयला माहीत नसतं.

थोडक्यात बाकीचं

पोल घेताना जपून. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी काय दाबलं ते दिसतं. त्यामुळे हुशार मुलीने 'ब' दाबलं की पाच मिनिटांत सगळा वर्ग 'ब'. उत्तर चुकायची मुभा हवी असेल तर टेलिग्रामवर निनावी क्विझ घ्या, किंवा सरळ वर्गात डोळे मिटून हात वर करायला सांगा. मी दुसरं करते.

यूट्यूबवर समोच्च रेषांचं (नकाशावर सारखी उंची दाखवणाऱ्या) प्रॅक्टिकल मी स्वतः टाकलंय. मोबाइल दोन पुस्तकांच्या थप्पीवर, वरून हात दिसेल असा. 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल. खाली वेळा लिहा, ०:०० पासून, किमान तीन टप्पे. मग पोरांना हवा तो भाग थेट उघडता येतो. आठ मिनिटांच्या वर जाऊ नका. टाळेबंदीत मी पन्नास मिनिटांची लेक्चरं चढवली होती, ती माझ्या आईखेरीज कुणी पूर्ण बघितली असतील असं वाटत नाही.

इन्स्टाग्रामवर मुलांना फॉलो करू नका, त्यांची रिक्वेस्टही घेऊ नका. त्यांचं तिथलं जगणं आपल्याला ठाऊक असायची गरज नाही, आपलं त्यांना तर अजिबात नाही. रील करायला आवडतं त्यांना, तर मी वर्षातून एकदा एका मिनिटाची रील करायला सांगते, विषय पर्जन्यछाया, भाषा घरची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडकडे पाचशेच्या आसपास, हे आजीला पटेल असं सांगायचं. रील अपलोड करायची सक्ती नाही, मुलींवर तर मुळीच नाही; वर्गात दाखवली तरी चालते.

मराठी विकिपीडियावर गावाची पानं लिहून घ्यायचा उपक्रम छान आहे, पण 'निसर्गाच्या कुशीत वसलेले आमचे टुमदार गाव' इथपासून पोरांना खाली उतरवायला दोन महिने लागतात. प्रत्येक वाक्याला संदर्भ मागा. आणि तिथे चढवलेला फोटो जगात कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतो, हे फोटो चढवायच्या आधी सांगा.

भांडण झालं तर

होणार. एका जयंतीला दोन पोरांनी एकमेकांच्या स्टेटसवरून ग्रुपवर सुरू केलं. अशा वेळी लिहून समजूत घालत बसू नका, टायपून भांडण मिटत नाही. ग्रुप ताबडतोब 'फक्त ॲडमिन'वर टाका. स्क्रीनशॉट घ्या, मग मेसेज काढा; ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही काढता येतो. दोघांना फोन लावा, मेसेज नाही, फोन. दुसऱ्या दिवशी विभागात बोलवा, चहा पाजा. धमकी किंवा मुलीबद्दलचं काही असेल तर चहा नाही, सरळ कॉलेजच्या समितीकडे.

स्टाफरूममध्ये एक भीती कायम असते की पोरांनी काही टाकलं तर ॲडमिन म्हणून आपण आत जाणार. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असं धरलंय की नुसता ॲडमिन आहे म्हणून सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला तो जबाबदार ठरत नाही. त्यात त्याचा सामाईक हेतू दिसावा लागतो. त्यामुळे ग्रुपच नको म्हणणाऱ्यांना मी हे सांगते. पण दिसूनही गप्प बसायला हे कारण नव्हे.

पुस्तकांच्या पीडीएफबद्दलही एक सांगते. तासाला लागणारा उतारा, नकाशा देणं वेगळं. प्रकाशकाचं अख्खं पाठ्यपुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकणं वेगळं, ते आपण करू नये. मुलं करतीलच, तर किमान आपल्या ग्रुपवर नको.

मे महिन्यात

परीक्षा संपली की ग्रुप बंद करा. माझ्या फोनमध्ये एकेकाळी अकरा मेलेले ग्रुप होते, त्यातल्या एका जुन्या टी.वाय.च्या ग्रुपवर अजून लग्नपत्रिका येतात. आता मी १ मेला शेवटची विहिरीची नोंद घेते, तक्ता रजिस्टरमध्ये उतरवते, एकेकाला काढते आणि बाहेर पडते. ज्यांना संपर्कात राहायचंय त्यांच्याकडे माझा नंबर असतोच.

रजिस्टर विभागाच्या कपाटात आहे. किल्ली शिपाई मामांकडे असते. पुढच्या एफ.वाय.ची पहिली नोंद १५ जुलैला घ्यायची आहे, त्याआधी सुतळीचे दोन बंडल आणि नियमांच्या साठ झेरॉक्स.